तीन साइट, तीन बजेट: केळीवाले, सराफ आणि कॉलेज. होस्टिंग कुठलं घ्यावं?

तापीकाठ, रावेर

राम राम मंडळी. तीन साइटचं होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) ठरवायचंय आणि तिघींचा स्वभाव वेगळा.

पहिली रावेर तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीची. पाच-सहा पानं, केळीच्या पॅकिंगचे पंचवीस फोटो, जीआयची (भौगोलिक मानांकनाची) माहिती, संपर्क. वर्षातून तीन-चार वेळा बदल होणार. डोमेन धरून वर्षाला दोन हजारांच्या वर जायचं नाही.

दुसरी जळगावच्या सराफी दुकानाची. वर्डप्रेस (साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर) आहे. रोजचा भाव टाकतात, चारशे दागिन्यांचे फोटो आहेत, दुकानाच्या नावाने सहा ईमेल हवेत. वर्षाला दहा-बारा हजार देतील.

तिसरी धुळे जिल्ह्यातल्या कॉलेजची. तीही वर्डप्रेस, पण जुनी, पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) ७.४ वर, सर्व्हर अमेरिकेत. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) कागदपत्रांच्या ६ जीबी पीडीएफ, मजकूर बहुतेक मराठी. पैसे मंजूर होतील, पण ३१ मार्चच्या आत बिल पाहिजे.

एका ठिकाणी 'महिना १४९ रुपये, अमर्याद जागा, शंभर साइट, डोमेन फुकट, ईमेल फुकट' असा प्लॅन दिसतोय, चार वर्षांचे पैसे आगाऊ भरून. तिन्ही त्यातच टाकल्या तर काय बिघडेल?

जंक्शन, भुसावळ

आधी त्या १४९ चा हिशोब करू भाऊ. १४९ गुणिले ४८ म्हणजे ७,१५२. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आजच ८,४४० च्या आसपास मोजायचे. हा दर पहिल्या खेपेपुरता. नूतनीकरणाचा दर त्याच पानावर खाली बारीक अक्षरात असतो. तो समजा ४४९ निघाला, तर पाचव्या वर्षी एकाच वर्षाचे जीएसटीसह ६,३५८ होतात. दोन कंपन्यांची तुलना करायची तर त्या बारीक अक्षरातल्या दराची करा, वरच्या मोठ्या आकड्याची नको. डोमेनही फुकट असतं ते पहिलं वर्षच.

आता 'अमर्याद'. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) जागा सहसा संपत नाही, इनोड संपतात. इनोड म्हणजे ढोबळमानाने फायलींची संख्या. नुसतं वर्डप्रेस टाकलं तरी तीन हजारांच्या आसपास फायली होतात. एक फोटो चढवला की त्याच्या वेगवेगळ्या मापाच्या पाच-सात प्रती वर्डप्रेस स्वतःच काढतं, वूकॉमर्स (ऑनलाइन दुकानाची वर्डप्रेसची जोड) असेल तर आणखी तीन. म्हणजे सराफाचे ४०० फोटो बघता बघता चार हजार फायली झाल्या. मेलही त्याच खात्यात ठेवले तर प्रत्येक मेल ही एक फाइल. मग एक दिवस नवा फोटो चढत नाही, येणारे मेल परत जायला लागतात, आणि पॅनेलवर जागा मात्र २० टक्केच भरलेली दिसते. कस्टमर केअरला विचारायचा पहिला प्रश्न हाच: इनोडची मर्यादा किती? उत्तर लेखी घ्या, चॅटचा स्क्रीनशॉटही चालेल.

दुसरी मर्यादा एंट्री प्रोसेसची. क्लाउडलिनक्सवरच्या (शेअर्ड सर्व्हरवर चालणारी प्रणाली) स्वस्त प्लॅनना ही बऱ्याचदा २० असते. ती ओलांडली की पुढच्या माणसाला ५०८ नंबरची एरर. वीस म्हणजे वीस माणसं नव्हेत, एका क्षणी चालू असलेल्या वीस पीएचपी विनंत्या. पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल तर सेकंदाला चाळीस विनंत्या निघतात. तेच पान जड प्लगइनमुळे (वर्डप्रेसच्या जोड-सॉफ्टवेअरमुळे) चार सेकंद घेत असेल तर फक्त पाच. म्हणून नुसता प्लॅन वाढवून बऱ्याचदा फरक पडत नाही.

तिसरं म्हणजे एका सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) खात्यात तिन्ही साइट टाकल्या की त्या एकाच लिनक्स युजरखाली येतात. कॉलेजच्या जुन्या प्लगइनमधून कुणी आत शिरला तर सराफाच्या फायली त्याला उघड्याच. तीन खाती वेगळी हवीत, मग कंपनी एक असली तरी चालेल.

आणि पहिल्या साइटसाठी तर होस्टिंग विकत घेऊच नका. पाच पानांसाठी वर्डप्रेस, डेटाबेस, दर महिन्याचे अपडेट हा नुसता व्याप. साधी एचटीएमएल पानं करा आणि क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट ठेवा. तिथल्या फुकट प्लॅनला २० हजार फायली, एक फाइल २५ एमबीपर्यंत आणि महिन्याला ५०० बिल्ड (साइट नव्याने तयार करून चढवणं) एवढी मुभा आहे. केळीवाल्यांना ती सात जन्म पुरेल. गिटहब पेजेसही फुकट आहे, साइट १ जीबीपर्यंत आणि महिन्याला १०० जीबी बँडविड्थ, पण ऑनलाइन धंदा चालवायला ते वापरू नये असं त्यांच्या नियमातच आहे. कंपनीच्या साइटला क्लाउडफ्लेअर बरं.

अडचण एकच, तिथे पीएचपी चालत नाही, त्यामुळे संपर्काचा फॉर्म थेट चालणार नाही. व्हॉट्सॲपची लिंक आणि फोन नंबर द्या. केळीचा व्यापारी तसाही फॉर्म भरत बसत नाही, सरळ फोन लावतो. फोटो मोबाइलमधून निघतात तसेच चार-पाच एमबीचे चढवू नका. १६०० पिक्सेल रुंद, वेबपी फॉरमॅट, दीड-दोनशे केबी. खर्च काय तो डोमेनचा, हजार-दीड हजार.

आणि हे डोमेन कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर आणि कंपनीच्या मोबाइल नंबरवर घ्या. साइट बनवणाऱ्याच्या जीमेलवर नको. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, डोमेनची किल्ली त्याच्याकडे.

पांझरेकाठची, धुळे

कॉलेजबद्दल लिहिते. तिथे प्रश्न वेगाचा कमी आणि लिंकांचा जास्त आहे.

नॅकच्या एक्यूएआर (वार्षिक अहवाल) आणि एसएसआरमध्ये (स्वयंमूल्यांकन अहवाल) कॉलेजने साइटवरच्या पीडीएफच्या लिंक दिलेल्या असतात. एकदा भरून पाठवल्या की त्या बदलता येत नाहीत. नवीन होस्टिंगवर जाताना डिझायनर 'जरा नीट मांडू' म्हणून फोल्डर बदलतो आणि पडताळणीच्या वेळी शंभर लिंक ४०४ (पान सापडलं नाही) दाखवतात. वर्डप्रेसच्या अपलोड्समधली वर्ष-महिन्याची फोल्डरं आहेत तशीच उचला, फाइलच्या नावातलं एक अक्षरही बदलू नका. काही बदलावंच लागलं तर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारी सूचना) लावा. जागेसाठी पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाकायचा मोहही नको. ज्या प्राध्यापकांच्या खात्यावर फायली असतात त्यांची बदली होते किंवा ते निवृत्त होतात, आणि लिंक उघडणाऱ्याला 'परवानगी मागा' एवढंच दिसतं.

६ जीबी मुळात झाले कसे ते बघा. साधी नोटीस ३०० डीपीआय रंगीत स्कॅन केली की एका पानाला एक-दोन एमबी सहज जातात. १५० डीपीआय ग्रेस्केलमध्ये तेच पान शंभर-दीडशे केबीत बसतं आणि शिक्काही वाचता येतो. जुन्या फायली त्याच नावाने बारीक करून परत चढवल्या तर लिंक तुटत नाही.

आता मराठीचं दुखणं. शीर्षक मराठीत दिलं की वर्डप्रेस त्यावरूनच पानाचा पत्ता बनवतं. यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं, पत्त्यात एन्कोड झालं की ९ अक्षरांचं. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरं देतं. २०० भागिले ९ म्हणजे जेमतेम २२ चिन्हं, त्यात काना-मात्रा वेगळे मोजले जातात. 'राष्ट्रीय सेवा योजना विशेष हिवाळी शिबिर अहवाल' हे निम्म्यातच कापलं जातं. पुढच्या वर्षीचं तेच शीर्षक कापून तेवढंच उरतं आणि मागे २, ३ असे आकडे लागतात. नव्या पानांना पत्ता रोमन अक्षरांत हाताने द्या, शीर्षक मराठीत राहू द्या. फायलींच्या नावांनाही हाच नियम, विंडोजवर झिप करून सर्व्हरवर सोडल्या की मराठी नावांचा हमखास चिवडा होतो.

डेटाबेस हलवताना मराठी दोन तऱ्हांनी फुटतं, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसली तर त्या प्रतीतला मजकूर गेला. अक्षरं लॅटिन-१ च्या (युरोपीय अक्षरांपुरती जुनी पद्धत) टेबलात कोंबली गेली आणि जे बसलं नाही त्याजागी प्रश्नचिन्ह आलं. त्यातून परत काही मिळत नाही, मूळ डंप (डेटाबेसची काढलेली प्रत) घेऊन पुन्हा आयात करा. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याला चिकटून चार काटे फुटलेलं गोल चलनचिन्ह, अशी जोडी दर दोन-तीन अक्षरांनी दिसत असेल तर घाबरू नका. बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा लावलाय. जुन्या साइटवर जोडणी लॅटिन-१ ची असायची आणि आत मजकूर यूटीएफ-८ भरला जायचा. डंप काढतानाच लॅटिन-१ सांगून काढा, त्या फाइलमध्ये टेबलांवरचं नाव बदलून यूटीएफ-८-एमबी-४ करा, आणि आयात करताना तेच सांगा. मूळ प्रतीला मात्र हात लावू नका.

पीएचपी ७.४ ची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्येच संपली. नव्या ठिकाणी थेट ८ च्या पुढचं मिळेल आणि जुनी थीम पांढरं पान दाखवेल. म्हणून होस्टिंग घेताना दोन गोष्टी विचारा: प्रत्येक साइटला पीएचपीची आवृत्ती वेगळी निवडता येते का, आणि स्टेजिंग (चाचणीसाठी साइटची प्रत) आहे का. आधी स्टेजिंगवर आवृत्ती वाढवायची, थीम-प्लगइन दुरुस्त करायचे, मग खरी साइट.

अमेरिकेतल्या सर्व्हरमुळे साइट जड वाटते हे खरं. इथून जाऊन-येऊन २०० मिलिसेकंदांच्या वर लागतात. पान पहिल्यांदा उघडताना टीसीपी (जोडणी), टीएलएस (सुरक्षित कुलूप) आणि विनंती अशा तीन खेपा होतात, म्हणजे ६०० मिलिसेकंद नुसते वाटेत. सर्व्हर मुंबईत घ्या. कंपनी भारतीय आहे म्हणून सर्व्हर भारतात असेलच असं नाही आणि उलटही खरं. खरेदी करताना ठिकाण निवडायची यादी असते, तिथे घाईत पुढे जाऊ नका.

डोमेन डॉट एसी डॉट इन किंवा डॉट एज्यु डॉट इन असेल तर ते अर्नेटकडूनच (शिक्षणसंस्थांना डोमेन देणारी सरकारी संस्था) येतं, खासगी कंपनीकडे हलवता येत नाही. फक्त डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं त्याच्या नोंदी) बदलायचं. म्हणजे 'फुकट डोमेन'चा कॉलेजला तसाही उपयोग शून्य. बिल रुपयांत, जीएसटीसह, कॉलेजच्या नावाने आणि शक्यतो एक-दोन वर्षांचंच घ्या. ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक झालेत, परदेशी कंपनीचं ऑटो-रिन्यू कार्डावरून बऱ्याचदा अडकतं. आणि कॉलेजमध्ये ते कार्ड कुणाचं, हाही एक स्वतंत्र विषय.

शेवभाजी, जळगाव

सराफाच्या साइटला खरा धोका कॅशचा आहे भो.

शेअर्ड होस्टिंगवर वर्डप्रेस पळवायचं तर पेज कॅश लागतेच. कॅश म्हणजे तयार पान जपून ठेवणं. आता भाव बदलला सकाळी पावणेअकराला आणि कॅशची मुदत आहे दहा तास. गिऱ्हाईकाला कालचा भाव दिसतो आणि तो मोबाइल पुढे करून काउंटरवर वाद घालतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी हे झालं तर बघायलाच नको, कारण गर्दीही त्याच दिवशी आणि भावही दिवसातून दोनदा बदलणारा.

भावाचं अख्खं पान कॅशमधून वगळणं हा सोपा उपाय, पण मुख्य पानावर भाव असेल तर सगळ्यात गर्दीचं पानच कॅशविना राहतं, आणि मग वर जंक्शनभाऊंनी सांगितलेल्या वीस विनंत्या लगेच भरतात. त्यापेक्षा पान कॅशमध्ये राहू द्या आणि भाव वेगळ्या बारीकशा जेसन (नुसत्या माहितीच्या) फाइलमधून जावास्क्रिप्टने आणा. भाव भरणाऱ्याने बटण दाबलं की ती फाइल नव्याने लिहिली जाते. फाइलला 'नो-स्टोअर' (जपून ठेवू नको) हेडर लावा. ती साधी फाइल असल्यामुळे पीएचपी चालत नाही, शेकडो लोकांनी एकदम मागितली तरी सर्व्हर हसत देतो. क्लाउडफ्लेअर पुढे लावलं असेल तर तिथेही त्या फाइलसाठी कॅश बंद असा नियम टाका. भावाशेजारी तारीख आणि वेळ छापा. २२ कॅरेट की २४, जीएसटी धरून की सोडून, हेही तिथेच.

होस्टिंग म्हणाल तर यांना लाइटस्पीड (वेगवान वेब सर्व्हर), एनव्हीएमई (वेगवान) डिस्क, रोजचा बॅकअप आणि किमान २ जीबी रॅम देणारा मधला शेअर्ड किंवा मॅनेज्ड वर्डप्रेस प्लॅन पुरे. नूतनीकरणाच्या दराने वर्षाला पाच-सहा हजारांत बसतो. उरलेले पैसे मेलला ठेवा.

कारण मेल होस्टिंगमध्ये ठेवायचे नाहीत. शेअर्ड सर्व्हरचा आयपी शेकडो साइटचा सामाईक असतो. त्यातल्या एकाने स्पॅम पाठवलं की तुमचं कोटेशनही गिऱ्हाईकाच्या स्पॅममध्ये. झोहो मेल किंवा गूगल वर्कस्पेस वेगळं घ्या. झोहोचा फुकट प्लॅन पाच जणांपुरता आहे आणि त्यात आउटलुक जोडता येत नाही, फक्त ब्राउझर आणि त्यांचं ॲप. सहावा ईमेल 'विक्री' किंवा 'माहिती' अशा नावाचा असेल तर तो उपनाव म्हणून कुणाच्या तरी खात्याला जोडा, वेगळे पैसे लागत नाहीत. डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (मेल खरंच तुमच्याकडूनच आल्याचं सांगणाऱ्या) करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झालेत. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असते. दुसरी सेवा जोडताना लोक दुसरी ओळ टाकतात आणि दोन्ही निकामी होतात. आहे त्याच ओळीत भर घालायची.

लिनक्सवाला, नंदुरबार

एवढं कशाला? मुंबई किंवा बंगळुरूच्या डेटा सेंटरमध्ये सहा डॉलरचा १ जीबीचा व्हीपीएस (स्वतः सांभाळायचा आभासी सर्व्हर) घ्या, तिन्ही साइट तीन युजरखाली ठेवा. इनोडची कटकट नाही, पीएचपी हवं ते, वर्षाला साडेसहा-सात हजारांच्या घरात काम. मी तर म्हणतो शेअर्ड होस्टिंग हा पैशांचा चुराडा आहे.

जंक्शन, भुसावळ

दादा, व्हीपीएस वाईट नाही, पण १ जीबीत दोन वर्डप्रेस म्हणजे काय ते आकड्यांत बघा. सिस्टिम आणि मारियाडीबी (डेटाबेस) मिळून ४०० एमबी धरा. उरले ६००. पीएचपीची एक प्रोसेस ६० एमबीची धरली तर दहाच बसतात, म्हणजे शेअर्डच्या वीसपेक्षाही कमी. मूळ सेटिंग न बदलता ठेवलं आणि गर्दी झाली, की लिनक्स मेमरीसाठी सगळ्यात जाड प्रोसेस मारतो. ती असते डेटाबेसची. गिऱ्हाईकाला 'डेटाबेसशी जोडणी होत नाही' एवढंच दिसतं. २ जीबी स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) आणि प्रोसेसची कमाल संख्या आठ-दहावर बांधणं हे पहिल्याच दिवशी करावं लागतं. सोबत फायरवॉल, पासवर्डाऐवजी की, आपोआप सुरक्षा अपडेट आणि बॅकअप. शिवाय डिजिटलओशनसारख्या ठिकाणी मेल पाठवायचे पोर्ट बंद असतात, वर्डप्रेसचा 'पासवर्ड विसरलात' मेलही जात नाही, त्यासाठी बाहेरची मेल-सेवा एपीआयने जोडावी लागते.

रात्री दोनला सर्व्हर पडला तर कोण उठणार याचं उत्तर असेल तर जरूर घ्या. सराफ उठणार नाही आणि कॉलेजचा लिपिकही उठणार नाही.

तापीकाठ, रावेर

ठरलं मग. केळीवाल्यांचं क्लाउडफ्लेअरवर, सराफाचं मधल्या प्लॅनवर आणि मेल झोहोवर, कॉलेजचं मुंबईतल्या सर्व्हरवर वेगळं खातं. ताई, कॉलेजचं हलवताना साइट बंद न पडता क्रम कसा ठेवायचा? प्रवेशाच्या नोटिसा सतत चालू असतात.

पांझरेकाठची, धुळे

दोन दिवस आधी डीएनएसमधला टीटीएल (नोंद किती सेकंद जपून ठेवायची ते) ३०० करा. बऱ्याच ठिकाणी तो ८६,४०० म्हणजे अख्खा दिवस असतो. आहे तसा ठेवून आयपी बदललात तर काहींना दिवसभर जुनीच साइट दिसते.

मग फायली आणि डेटाबेस नव्या ठिकाणी न्या, पण डीएनएस बदलू नका. आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये कॉलेजचं डोमेन आणि नवा आयपी एका ओळीत लिहिलं की फक्त तुम्हाला नवी साइट दिसते. मराठी नीट आहे का, नॅकच्या वीस-पंचवीस लिंक उघडतात का, फॉर्म जातो का, हे इथेच तपासा. तेव्हा ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल कुरकुर करेल. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र डोमेन नव्या आयपीवर आल्याशिवाय निघत नाही. आधीच हवं असेल तर डीएनएसमध्ये टेक्स्ट नोंद टाकून पडताळणी करायची पद्धत वापरा.

बदलाच्या दिवशी संध्याकाळी नोटिसा टाकणाऱ्यांना सांगा की तीन तास काही टाकू नका. डेटाबेस आणि नव्या पीडीएफ शेवटच्या एकदा न्या, मग फक्त ए रेकॉर्ड (डोमेनचा आयपी सांगणारी नोंद) बदला. नेमसर्व्हर (डोमेनच्या सगळ्या नोंदी जिथे असतात तो) बदलू नका. नेमसर्व्हर बदलला की जुन्या पॅनेलमधल्या एमएक्स (मेल कुठे यावेत ते सांगणाऱ्या) आणि टेक्स्ट नोंदी मागेच राहतात आणि कॉलेजचे मेल येणं थांबतं. ते कळतं चार दिवसांनी, विद्यापीठाचं पत्र चुकल्यावर. नेमसर्व्हर बदलावाच लागत असेल तर आधी सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या आणि नव्या ठिकाणी एकेक करून भरा.

जुनं खातं पंधरा दिवस चालू राहू द्या, पण त्यातलं वर्डप्रेस फक्त वाचण्यापुरतं करा. नाहीतर ज्याचा संगणक अजून जुन्या आयपीवर अडकलाय, तो गुणवत्ता यादी जुन्याच साइटवर टाकून मोकळा होईल.

तापीकाठ, रावेर

ए रेकॉर्ड तर बदलेन, पण त्या जुन्या पॅनेलचा पासवर्ड कॉलेजात कुणाकडेच नाही.

पांझरेकाठची, धुळे

पॅनेल होस्टिंग कंपनीचंच असेल तर नोंदणीकृत ईमेल कुठला आहे ते त्यांच्याकडून काढा. तो ईमेलही बंद असेल तर प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं लेटरहेडवरचं पत्र आणि शेवटच्या बिलाची प्रत तिकिटाला जोडून ईमेल बदलून मागा. आठवडाभर धरून चाला आणि टीटीएलचे दोन दिवस त्यानंतर मोजा. तोवर डीएनएस बाहेरून वाचून सगळ्या नोंदी एका कागदावर उतरवून ठेवा, त्याला पासवर्ड लागत नाही. फक्त डीकेआयएमची नोंद तिचं सिलेक्टर नाव माहीत असल्याशिवाय सापडत नाही. कॉलेजच्या पत्त्यावरून आलेला एखादा मेल जीमेलमध्ये उघडा, 'मूळ दाखवा' करा, डीकेआयएम सहीच्या ओळीत 'एस बरोबर'पुढे ते नाव मिळेल.